चिंचवाडीची माकडं, करवंदवाडीची माकडं

मुंबई-पुण्याच्या बऱ्याच वाचकांनी कर्जत पाहिलेलं असतं ते फार्महाऊसच्या व्हरांड्यातून, आणि खालापूर पाहिलेलं असतं ते टोलनाक्याच्या रांगेतून. या दोन तालुक्यांत मी फेब्रुवारीतले चार दिवस माकडं मोजत काढले. मोजणी मीनलची होती. मी वही घेऊन मागे होतो.

मीनल पुण्यात प्राणिशास्त्रात पीएचडी करते. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे विषाणू डासांमार्फत माणसाकडून माणसाकडे जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा प्रश्न त्यापुढचा आहे. आसपास एकही रुग्ण नसतो तेव्हा हे विषाणू जंगलातल्या माकडांत तग धरून राहतात का? आफ्रिकेत पिवळ्या तापाचा विषाणू असा माकडांत राहतो. आपल्याकडच्या माकडांच्या रक्तात या तापांच्या खुणा सापडू शकतात. पण खूण सापडणं वेगळं आणि साठा सापडणं वेगळं. माकडाला ताप जंगलातल्या डासाने दिला, की गावातल्या आजारी माणसाला चावून आलेल्या डासाने, ते कळायला हवं. म्हणून तिने दोन कळप निवडले होते. एक डोंगराच्या पोटातला, जिथे वस्ती लहान आणि असा ताप क्वचित. दुसरा कारखान्यांच्या वस्तीला चिकटलेला, जिथे पावसाळा आला की डेंग्यू ठरलेला. दोन्हीकडचं रक्त तपासून शेजारी शेजारी ठेवायचं.

दोन्ही वाड्यांची आणि तिथल्या माणसांची खरी नावं मी देणार नाही. त्याचं कारण वनखात्याच्या कायद्याशी संबंधित आहे आणि ते पुढे येईल. कर्जत तालुक्यातल्या, भिवपुरीच्या बाजूच्या वाडीला चिंचवाडी म्हणू. खालापूर तालुक्यातल्या, खोपोलीच्या बाजूच्या वाडीला करवंदवाडी. चिंचा आणि करवंदं दोन्हीकडे आहेत, त्यामुळे शोधणाऱ्याला फारशी मदत होणार नाही.

माकडं पकडण्याचा परवाना शुक्रवारी सूर्यास्ताला संपत होता. पुढे मुदतवाढ नव्हती आणि मीनलची शिष्यवृत्ती जूनपर्यंतच होती. म्हणजे दोन वर्षांच्या कामाचा शेवट या चार दिवसांत व्हायचा होता, बरा किंवा वाईट.

मंगळवार, चिंचवाडी

वाडी तीसेक घरांची, ठाकर आदिवासींची. भात निघालेल्या खाचरांत वाल उभा होता आणि शेंगा भरत आल्या होत्या. वर डोंगर, त्यावरून वीजकेंद्राकडे उतरणारे पाण्याचे जाड नळ. शेताच्या बांधावर, पळसाखाली, गलोल मांडीवर ठेवून हिरूबाई बसलेल्या होत्या. वय पन्नाशीचं, आवाज त्याहून बराच तरुण.

"आली का गं बाय? औंदा लय उशीर केलास," त्या मीनलला म्हणाल्या. "आन् ह्यो कोन?"

"पेपरवाले आहेत मावशी. आपलं काम बघायला आलेत."

"वांदराचं बी पेपरात येतं? आमचं कवा आलं नाय."

इथे माकडाला सरसकट वांदर म्हणतात. मीनलची माकडं म्हणजे टोपी माकडं: तोंड तांबूस, शेपूट लांब, डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे. काळ्या तोंडाचे वानर वेगळे, ते तिच्या यादीत नव्हते.

पकडण्याची पद्धत साधी आहे. माणूस वाकून मावेल एवढा जाळीचा पिंजरा, आत शेंगदाणे आणि केळी, वर उचलून धरलेलं दार आणि दाराला दोरी. माकड आत गेलं की लांबून दोरी सोडायची. मग डॉ. कामत पुढे होतात. ते जनावरांचे डॉक्टर, आयुष्य गाई-म्हशींत गेलेलं. भुलीचं इंजेक्शन, वजन, मांडीतल्या शिरेतून थोडं रक्त, आणि डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला गोंदलेला क्रमांक. शुद्धीवर आलं की जिथे पकडलं तिथेच सोडायचं, ही परवान्याची पहिली अट.

गोंदण्याबद्दल वाडीत कौतुक होतं. हिरूबाईंनी स्वतःचे हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवी नक्षी. "आमाला गोंदाया बाई यायची, सुई घेऊन. रडलं का आय थोबाडीत मारायची. वांदराला बगा, भूल काय, डॉक्टर काय!"

"तुम्हाला द्यायला हवी होती भूल," डॉ. कामत म्हणाले.

"मला दिली असती तर नक्षी वाकडी आली तरी कळलं नसतं."

चारही पिंजरे गेल्या वर्षीपासून इथेच होते. ने-आण नको म्हणून मीनलने ते नामदेवच्या टेंपोच्या शेडमध्ये ठेवले होते. नामदेव हिरूबाईंच्या बहिणीचा मुलगा. पस्तिशीचा, कमी बोलणारा. आमचं सामान त्याच्याच टेंपोतून फिरणार होतं. पिंजरे बाहेर काढले तेव्हा जाळीवर कुंकवाचे डाग दिसले. मी विचारलं.

"दसऱ्याला पूजा केली," हिरूबाई म्हणाल्या. "अवजारं पूजतात ना."

मी तसं वहीत लिहिलं. शास्त्रीय उपकरणाला वाडीने आपल्या अवजारांत धरलं, अशी एक ओळही जोडली. ती ओळ मला आवडली होती, आणि बातमीदाराने आपल्याला आवडलेल्या ओळीवर आधी संशय घ्यायचा असतो, हे त्या वेळी आठवलं नाही.

दुपारी मीनलने डास गोळा केले. ज्या डासांचा इथे संबंध आहे ते दिवसा चावतात आणि झाडांच्या ढोल्यांत साचलेल्या पाण्यातही वाढतात. तिच्याजवळ काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी आणि मध्ये जाळी. ढोलीच्या तोंडाशी डास बसला की नळी धरायची आणि तोंडाने हवा ओढायची. डास काचेत येतो, जाळीमुळे तोंडात जात नाही. बायका हंडे खाली ठेवून बघत राहिल्या.

"काय गं बाय, डास पितेस का काय?"

"गोड असतो का गं?"

"आमच्या घरात ये रातच्याला, पोट भरंल!"

मीनलने तोंडातली नळी न काढता हात हलवला.

त्या दिवशी तीन माकडं मिळाली. तिघांच्याही मांडीवर गोंदण नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत बावीस माकडांच्या या कळपातल्या दहांचं रक्त घेतलेलं होतं; एक पावसाळा गेल्यावर कळपाचं रक्त पुन्हा तपासायचं होतं. त्या दहांतलं एकही फिरकलं नाही.

"पिंजऱ्याला शहाणी झाली असतील," मीनल म्हणाली. "कळप किती दिसतो, मावशी? तेवढाच?"

"तेवडाच हाय," हिरूबाई म्हणाल्या आणि काहीही नसलेल्या झाडाकडे गलोल ताणली.

बुधवार, चिंचवाडी

न्याहारीला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. शहरात भाकरी ताटात वाढतात. इथे ती थेट हातावर येते आणि गरम असते, त्यामुळे पाहुणा पहिल्या मिनिटाला काहीच बोलू शकत नाही. त्या मिनिटात यजमान त्याला नीट बघून घेतात.

दुपारी माझी पिशवी लुटली गेली. प्रकार असा: पिशवी बांधावर होती, मी चार हातांवर. एक माकड आलं, त्याने बाजूच्या कप्प्याची चेन सरकवली, बिस्किटांचा पुडा काढला, कागदावरची लाल पट्टी दाताने ओढून पुडा सरळ रेषेत उघडला आणि बिस्किटं एकेक करून खाल्ली. कागद टाकून दिला. मी ती पट्टी आजवर एकदाही नीट ओढू शकलेलो नाही.

"ह्या औंदाच्या वांदरांना भ्याच नाय," हिरूबाई कुरकुरल्या. "मागल्या वर्साची बरी. नुसता हात उचलला तरी डोंगर चडायची. ह्यांना गलोल दावली तर जवळ येऊन बगतात, आत काय हाय म्हनून."

चिंचवाडीत दुकान नाही. सर्वांत जवळचं दुकान चालत पाऊण तासावर आहे. चेन आणि पुडे उघडायचं शिक्षण या माकडांना कुठे मिळालं, हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि त्याच्यापुढे 'पर्यटक?' असं घातलं. मीनलने तिच्या वहीत 'शिकलेलं वर्तन' असं लिहिलं. डॉ. कामत काही लिहीत नाहीत. नामदेव तेवढ्यात टेंपोच्या चाकात हवा बघायला निघून गेला. हवा त्याने सकाळीही बघितली होती.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन. एकूण पाच, सगळी कोरी.

गुरुवार, करवंदवाडी

करवंदवाडी बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. इथेही डोंगरावरून वीजकेंद्राचे नळ उतरतात, पण त्यांच्या जोडीला कारखान्यांची धुराडी, कामगारांच्या चाळी आणि घाट चढणाऱ्या ट्रकांची सततची घरघर आहे. आमची व्यवस्था काशिनाथरावांकडे होती. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, थोडी शेती, टापटिपीचं घर. ते नामदेवचे सासरे, ही माहिती त्यांनी पहिल्या वाक्यात दिली. नामदेवने मान खाली घालून पाण्याचा तांब्या घेतला.

"जावई आलेत म्हणून पोपटी लावलीय," काशिनाथराव म्हणाले. "खरं म्हणजे संध्याकाळची लावतात. पण तुमी थांबणार नाय, म्हणून दुपारची."

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, असल्यास कोंबडी; वर पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. शिजलं की मडकं उलटून सगळे भोवती बसतात. मुंबईत याला आता सहलीच्या पाकिटात जागा मिळाली आहे. इथे अजून जावई आल्यावर होते.

पोपटी व्हायच्या आत पहिलं माकड पिंजऱ्यात गेलं. गेलं म्हणजे धावत गेलं आणि शेंगदाण्यांपाशी बसलं. डॉ. कामतांनी भूल दिली, माकड उताणं केलं आणि म्हणाले, "मीनल, हे कुणी गोंदलंय?"

मांडीवर हिरव्या अक्षरांत होतं: चिं-४.

करवंदवाडीत मीनलने याआधी कधी काम केलेलं नव्हतं. चिं म्हणजे चिंचवाडी; खरं अक्षर मी वाडीच्या नावाबरोबर बदललं आहे.

मीनल जमिनीवर बसली. दोन वाड्यांच्या मध्ये उल्हास नदीचं खोरं, रेल्वे, डांबरी रस्ता, वीटभट्ट्या आणि नव्या सोसायट्या आहेत. टोपी माकडांचा कळप आपला परिसर सहसा सोडत नाही. एखादा तरुण नर जातो, पण एवढा लांब नाही. दुसरं माकड आलं, चिं-७, मादी. तिसरं कोरं. चौथं चिं-२.

"आख्खा गट स्थलांतरित झालाय," मीनल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "म्हणजे विषाणूही त्यांच्याबरोबर एवढा प्रवास करू शकतो. सर, हे कुणी नोंदवलेलं नाहीये."

"नदी कशी ओलांडली?" डॉ. कामतांनी विचारलं.

"पुलावरून?"

"रांगेत?"

मीनल नकाशा उघडत होती. मीही उघडत होतो, वहीचं नवं पान. 'रायगडातल्या माकडांचा एक गट नदी आणि रेल्वे ओलांडून' इथपर्यंत माझी पहिली ओळ झाली होती.

काशिनाथराव पिंजऱ्याजवळ उभे होते. "मॅडम, ही आता पुण्याला नेणार ना?"

"नाही काका. इथेच सोडणार."

"इथेच?" त्यांचा चेहरा पडला. "नाय, नेलीत तरी आमची हरकत नाय. सावकाश न्या. टेंपो हाय घरचाच."

चिं-७ शुद्धीवर आली तेव्हा नामदेव समोर उभा होता. त्याने कान खाजवायला हात वर केला. मादी किंचाळून थेट आंब्याच्या शेंड्यावर गेली.

गुरुवार दुपार, खोपोली-कर्जत रस्ता

मीनल आणि डॉ. कामत जीपने पुढे गेले. मी नामदेवबरोबर टेंपोत बसलो, मागे पिंजरे खडखडत होते.

"दादा, हे पेपरात येणार का?"

"येणार."

"फोटूसकट?"

"बहुतेक."

"टेंपोचा?"

मी म्हटलं, टेंपोचा कशाला येईल. त्याने टेंपो बाजूला घेतला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगकडे बघत बोलायला लागला.

"मावशी म्हनली, पिंजरे रिकामे पडलेत, वांदरं लय झालीत, तू ही घाटाकडं सोडून ये. मे महिन्यात. मावशीला नाय म्हनता येत नाय."

"मग?"

"मग नेली. बायकांनी पिंजऱ्याला हळदकुंकू लावलं, नारळ दिला. मारुतीची जात, रुसून जायला नको. पोरीची पाठवनी करतात ना, तशी."

"आणि सोडली करवंदवाडीला."

"दुसऱ्याच्या गावात सोडली आन् लोकांनी मारली म्हंजे? वळखीच्यात सोडलेली बरी."

"सासऱ्यांना माहीत आहे?"

"नाय! त्यांनी पिंजरे बगितले. म्हनले, जावईबापू, रिकामेच परत चाललात काय? आमची वांदरं घेऊन जा, लांब सोडा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मावशीला नाय म्हनता येत नाय. सासऱ्याला तर त्याहून नाय."

"किती?"

"तीन खेपा. धा इकडून, धा तिकडून."

"आणि मावशीला हे माहीत नाही."

"मावशीला ठावं हाय का तिची गेली. सासऱ्याला ठावं हाय का त्याची गेली." त्याने आरशातून मागच्या पिंजऱ्यांकडे बघितलं. "आली कुटून, ते दोगांना बी ठावं नाय. वांदरं वाडतच असतात, असं म्हनतात."

मी वहीतली पहिली ओळ खोडली. चुकीची बातमी न छापल्याचं समाधान मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही, कारण पुढच्या जीपमध्ये दुसरी एक व्यक्ती तीच ओळ अजून लिहीत होती. चिंचवाडीच्या पाच नळ्यांवर तिने 'जंगलातला कळप' असं लिहिलं होतं. ते रक्त करवंदवाडीचं असू शकत होतं. त्यांतल्या एखाद्या माकडात डेंग्यूची खूण सापडली असती, तर डेंग्यूचा साठा जंगलात सापडला असं ठरलं असतं, माकडांना तो कारखान्याच्या चाळीशेजारी झालेला असताना. त्या निष्कर्षानंतर गावोगाव माकडांचं काय झालं असतं, ते सांगायला बातमीदार लागत नाही.

"नामदेव, हे मीनलला कळलं पाहिजे."

"तुमीच सांगा."

"मी सांगितलं तर बातमी होईल. तुम्ही सांगितलं तर चूक दुरुस्त होईल."

"वनखात्याची केस होईल."

"तुमचं नाव माझ्याकडून कुठे जाणार नाही."

त्याने टेंपो सुरू केला. कर्जत येईपर्यंत दोन वेळा म्हणाला, "मावशी मारंल." केसबद्दल पुन्हा बोलला नाही.

शुक्रवार, चिंचवाडी

त्याने सांगितलं. सकाळी, वालाच्या बांधावर, हिरूबाईंच्या समोर. मीनलने फक्त एक प्रश्न विचारला, "पावसाच्या आधी की नंतर?"

"आदी."

म्हणजे आख्खा डेंग्यूचा हंगाम माकडांनी अदलाबदल केलेल्या गावी काढला होता. तिने वही मिटली.

हिरूबाईंना मात्र दुसराच धक्का बसला होता.

"म्हंजे ही चेनी उगडनारी वांदरं त्या काशिनाथची?"

"हा, मावशी."

"आन् तू आनलीस? माज्या वालात?"

"मावशी..."

"लाव रं त्याला फोन. लाव!"

फोन स्पीकरवर लागला. पलीकडे ट्रकांची घरघर.

"काशिनाथभाऊ, तुमची वांदरं घेऊन जा."

"कोण बोलतंय?"

"हिरू बोलतंय, नामदेवची मावशी. तुमची धा वांदरं माज्या शेतात बसून बिस्किट मागतात."

पलीकडचा आवाज चढला, "अगं हिरूबाय, मग हात उचलला का किंचाळत पळतात, ती तुमची होय? आमच्या नातवंडांनी हात वर करायचं सोडलंय!"

"तुमची न्या, मग बोला."

"तुमची आधी न्या! आमची सुधारलेली वांदरं देऊन ही भित्री घेतली आम्ही."

"सुदारलेली! चोर हाइत चोर!"

"आणि जावईबापू कुठाय? त्याला द्या."

नामदेव चाकातली हवा बघत होता.

डॉ. कामतांनी निर्णय दिला. माकडं आता कुणीही कुठेही नेणार नाही; एकदा नेण्याने जो गोंधळ झाला तो दोनदा नेऊन सुटत नाही. उरला प्रश्न मीनलचा. दहा गेली, दहा आली. बावीसांतली बारा अजून इथलीच होती. पण ती कोणती? शिवाय पिंजऱ्यात शेंगदाणे मिळतात हे शिकलेली गेल्या वर्षीची दहाच नामदेवच्या हाती लागली होती. उरलेली बारा म्हणजे नेमकी पिंजऱ्यात कधीच न गेलेली. दोन दिवस आम्ही जी पकडली ती करवंदवाडीची, कारण आत जायला घाबरत नाहीत ती तीच. पिंजरा जे देत होता ते नको होतं आणि जे हवं होतं ते पिंजऱ्यात येत नव्हतं.

"सूर्यास्ताला परवाना संपतो," मीनल म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "पाच नळ्या आहेत, सगळ्या चुकीच्या."

हिरूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांचा राग अर्ध्यावर थांबला.

"इतकं काय हाय त्या रक्तात?"

मीनलने सांगितलं. साध्या शब्दांत, विषाणू वगैरे न म्हणता. की माकडांमुळे माणसाला ताप येतो की माणसामुळे माकडाला, हे तिला बघायचं होतं. आणि जे कधी इथून हललं नाही तेच माकड ते सांगू शकतं.

"आमच्यामुळं त्यांना?" हिरूबाईंनी विचारलं. "असं बी असतं?"

"असू शकतं, मावशी."

हिरूबाईंनी डोंगराकडे बोट दाखवलं.

"थोटी," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताची दोन बोटं नायत तिला. पंदरा वर्सं माजा वाल खाते. ती कवाच तुमच्या शेंगदान्याला यायची नाय. ती वाल खाती, आन् ते बी मी जेवायला घरी गेले तरच. मी हितं बसले तर नाय. तिला माजी भाकरीची वेळ ठावं हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे पिंजरा वालात ठेव. मदोमद. वरून येल टाक. आन् मी जाते जेवायला."

"मावशी, शेंगा आत्ता भरल्यात. सगळा कळप येईल."

"येऊ दे. रोज मीच जिंकते."

पिंजरा शेताच्या मधोमध नेला. हिरूबाईंनी स्वतः वालाचे वेल उपटून त्यावर टाकले. प्रत्येक वेल उपटताना एक शिवी, माकडाला की काशिनाथरावांना ते स्पष्ट नव्हतं. आम्ही पेंढ्याच्या उडवीमागे बसलो. हिरूबाईंनी गलोल कमरेला खोचली, मोठ्याने खोकल्या आणि घराकडे निघाल्या.

त्या वळणाआड जायला आणि पहिलं माकड बांधावर उतरायला एकच गाठ पडली. मग सगळा कळप. करवंदवाडीची पटकन ओळखू आली: ती आमच्या पिशव्या शोधत होती. बाकीची शेतात पसरली आणि शेंगा ओरबाडायला लागली. पाऊण तासात तीन ओळी गेल्या. मीनलने हातातली दोरी सोडली नाही. दोन धीट माकडं पिंजऱ्यात आली, बसली, गेली. तिने दार पाडलं नाही.

थोटी सगळ्यांच्या मागून आली. कान फाटलेले, चाल सावकाश. पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वेल ओढून पाहिला. आतला वाल जास्त भरलेला होता, कारण तो हिरूबाईंनी निवडून ठेवला होता. थोटी आत गेली आणि पाठोपाठ तिच्याच अंगाची दोन माकडं गेली. मीनलने दोरी सोडली.

ती दोन्ही इथलीच, थोटीच्या लेकी, असं हिरूबाईंनी नंतर चेहऱ्यावरून सांगितलं. तीन माकडं, तीन नळ्या. डॉ. कामतांनी वजनं घेतली, मीनलने रक्त घेतलं. चार वाजून गेले होते. या रक्ताचे निकाल यायला काही महिने लागतील. हे लिहीपर्यंत आलेले नाहीत. तीन नळ्यांनी मोठा प्रश्न सुटत नाही, हे मीनलनेच मला लिहून घ्यायला लावलं. पण या तीन नळ्या खोटं बोलणार नाहीत. पहिल्या पाचांवरचं लेबल तिने बदललं. तिच्या प्रबंधात एक प्रकरण वाढणार आहे, माणसांनी हलवलेल्या माकडांबद्दल, कुणाचंही नाव न घेता.

हिरूबाई परत आल्या तेव्हा थोटी पिंजऱ्यात डोळे उघडत होती. शेताकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"भेटलीस का?" हिरूबाई म्हणाल्या. "आता कशी गप हायेस!"

मीनल मांडीवर फॉर्म ठेवून भरत होती. प्राणी कुठला, या रकान्यात ती एरवी मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश उतरवते. ते आकडे माकड कुठे पकडलं ते सांगतात. ते कुठलं आहे ते सांगत नाहीत, हे आदल्या दिवशी सिद्ध झालं होतं. खाली आणखी दोन रकाने होते, जे ती आजवर रिकामे सोडत असे: ओळख पटवणाऱ्याचं नाव, आणि प्राण्याशी संबंध. तिने दोन्ही भरले.

"काय लिवलंस?"

"हिरूबाई," मीनलने वाचलं. "शेजारीण."

"शेजारीन?" हिरूबाई उसळल्या. "तीन वळी खाल्ल्या तिनं आज! शेजारीन कसली गं ती?" पिंजऱ्याचं दार वर गेलं. थोटी बाहेर आली, घाई न करता बांधावरून डोंगराकडे निघाली. हिरूबाई ती झाडीत जाईपर्यंत बघत होत्या. मग मीनलच्या फॉर्मकडे वळून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. खोडू नको."